एकोणशंभर

गणित शिक्षणाच्या परिषदेसाठी आलेले प्रस्ताव तपासायला घेतले की पहिले दोन मी वाचतो. तिसऱ्यापासून गुण देऊ लागतो. हे माझं एकट्याचं पाप नसावं. रात्रीचे अकरा वाजलेले असतात, मुदत उद्याची असते आणि पडद्यावर तक्ता उघडा असतो. संशोधनप्रश्न स्पष्ट आहे का, सैद्धांतिक चौकट आहे का, पूर्वीच्या संशोधनाचा आढावा पुरेसा आहे का, नमुना किती, पद्धत कोणती, निष्कर्ष पुराव्याला धरून आहेत का, भाषा कशी आहे. प्रत्येक रकान्यात एक ते पाच. सगळ्यात खाली मोकळी जागा, ‘लेखकासाठी अभिप्राय’. ती दोन ओळींत उरकली तरी कोणी हटकत नाही.

मार्च-एप्रिलात दहावीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसलेला शिक्षक आणि मी, आमच्यात मला फारसा फरक दिसत नाही. त्याच्याकडे आदर्श उत्तरांची सूची असते, माझ्याकडे तक्ता. त्याला ठरलेल्या दिवसांत ठरलेला गठ्ठा संपवायचा असतो, मलाही. फरक असलाच तर एवढाच की आपण पेपर तपासतो आहोत हे तो मोकळेपणाने सांगतो. आम्ही त्याला पीअर रिव्ह्यू म्हणतो.

माझी तक्रार इथून सुरू होते, आणि ती माझ्याविरुद्धही आहे. गेली पन्नास वर्षं गणित शिक्षणाचं संशोधन शिक्षकाला एक गोष्ट तऱ्हेतऱ्हेने सांगत आलं आहे: उत्तर चुकलं म्हणून लगेच लाल रेघ ओढू नका, मुलाने ते कुठल्या विचाराने काढलं ते आधी बघा. हे सांगणारी माणसं एकमेकांचे प्रस्ताव मात्र लाल रेघ हातात धरूनच वाचतात.

या क्षेत्रातली जुनी आणि दबदब्याची परिषद म्हणजे पीएमई. गणित शिक्षणाच्या मानसशास्त्राचा हा आंतरराष्ट्रीय गट 1976 मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहे इथे स्थापन झाला. तिथला मुख्य शोधनिबंध आठ पानांचा. लेखकाचं नाव झाकून तो तिघांकडे जातो, आणि शोधनिबंध म्हणून बसला नाही तर छोटं तोंडी निवेदन किंवा पोस्टर अशी वाट उरते. आपल्याकडे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने 2004 च्या डिसेंबरात गोव्यात ‘एपिस्टीम’ मालिकेतली पहिली परिषद भरवली, आणि विज्ञान-गणित शिक्षणावर काम करणाऱ्या भारतीय संशोधकाला घराजवळ एक व्यासपीठ मिळालं. पुढचं बोलणं यांच्यापैकी कोणा एकीबद्दल नाही. तक्ता थोड्याफार फरकाने सगळीकडे तोच असतो.

आता बेनीबद्दल. गणित शिक्षणात काम करणाऱ्या बहुतेकांना हा मुलगा माहीत असतो, बाहेर तो फारसा कोणाला ठाऊक नाही. 1973 मध्ये स्टॅन्ली अर्लवँगर या संशोधकाने अमेरिकेतल्या सहावीच्या एका बारा वर्षांच्या मुलाशी बोलून एक निबंध लिहिला. बेनी ज्या पद्धतीने गणित शिकत होता तिची तेव्हा बरीच वाहवा होती. प्रत्येक मुलाने आपापल्या गतीने पुस्तिका सोडवायच्या, चाचणी द्यायची, ती उत्तरसूचीला लावून तपासायची, 80 टक्के जमलं की पुढचा टप्पा. बेनी दुसरीपासून याच वाटेने चालला होता. शिक्षिकेच्या मते वर्गातल्या चांगल्या मुलांपैकी एक.

अर्लवँगर त्याच्याशी बोलायला बसला तेव्हा निघालं ते असं. पाच दशांशाचं दशांश रूप बेनी 1.5 लिहायचा. चार अकरांशाचंही 1.5. अकरा चतुर्थांशाचंही तेच. अंश आणि छेदाची बेरीज करायची आणि मध्ये टिंब द्यायचं, हा त्याचा नियम. तो नियम त्याने चाचपडत सांगितला नाही, आत्मविश्वासाने सांगितला. त्याहून अस्वस्थ करणारं होतं ते त्याचं गणिताबद्दलचं मत. एकच उत्तर अनेक रूपांत लिहिता येतं, पण सूचीत त्यातलं एकच असतं, त्यामुळे आपलं काम म्हणजे सूचीत कुठलं रूप असेल ते हुडकून काढणं, असं त्याला वाटत होतं. नियम कोणीतरी कधीतरी ठरवून ठेवलेत, आपण ते पाळायचे. चार वर्षं तो चाचण्या पास होत गेला आणि यातलं काहीच कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण सूची त्याच्याशी बोलत नव्हती.

हा निबंध प्रस्ताव म्हणून आज रात्री अकरा वाजता माझ्याकडे आला तर? नमुना एक. तुलनेसाठी दुसरा गट नाही. सांख्यिकी नाही. निष्कर्ष इतरांना लागू होतील याची हमी नाही. तक्ता प्रामाणिकपणे भरला तर पाचपैकी दीड निघेल. (बेनीच्या नियमाने काढलेला दीड नव्हे.) आणि त्या एका मुलाच्या गोष्टीने चुकांकडे बघण्याची एका पिढीची नजर बदलली.

पण बेनी मला आठवतो तो आणखी एका कारणाने. दोन-तीन परिषदांत नकार खाल्लेला लेखक काय शिकतो? तो बेनी होतो. सूचीत काय असेल ते हुडकू लागतो. ‘सैद्धांतिक चौकट नाही’ असा शेरा मिळालेला माणूस पुढच्या वेळी मानसशास्त्रज्ञ वायगॉत्स्कीला बोलावतो. वायगॉत्स्की पहिल्या पानावर येतात, नमस्कार करतात आणि निघून जातात. पुढच्या तीन पानांत त्यांचा काही संबंध राहत नाही. ‘आढावा अपुरा’ हा शेरा खाल्लेला माणूस वीस संदर्भ जोडतो, त्यातले पंधरा न वाचलेले. परीक्षक खूण करतो, गुण देतो, प्रस्ताव पास होतो. 80 टक्के जमलं, पुढचा टप्पा.

या सूचीत सगळ्यात आरामात बसणारा प्रस्ताव कोणता ते सांगतो. ‘इयत्ता सातवीच्या विद्यार्थ्यांच्या गणितातील संपादनावर कृतियुक्त अध्यापनाचा होणारा परिणाम’. साठ विद्यार्थी, तीस-तीसचे दोन गट, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, टी-मूल्य, 0.05 पातळीवर सार्थक फरक. एम.एड.च्या प्रबंधांचं कुठलंही कपाट उघडा, या सांगाड्याची भावंडं रांगेने उभी असतात. प्रश्न स्पष्ट, नमुना ठीक, साधनं आहेत, सांख्यिकी आहे, निष्कर्ष आकड्यांना धरून. सगळ्या रकान्यांत चार. आणि वाचून संपल्यावर मला कळलेलं नसतं की ती कृती कुठली होती, ती करताना मुलं आपसात काय बोलली, एखाद्याने कागदाच्या घडीवरून अपूर्णांक ओळखला की शेजाऱ्याच्या वहीत पाहिलं. नवी पद्धत जिंकते याचंही मला नवल वाटत नाही. एका गटाला संशोधक स्वतः तीन आठवडे जीव ओतून शिकवतो, दुसऱ्या गटाचं नेहमीचं चाललेलं असतं. पद्धत कुठलीही असो, पारडं कुठे झुकेल ते आधीच दिसतं. असा प्रस्ताव मी नाकारतो. म्हणजे परीक्षकाने मवाळ व्हावं असं मला म्हणायचं नाही. नकार द्यावाच लागतो. प्रश्न आहे तो कशाला द्यायचा याचा.

रेसीफे हे ब्राझीलमधलं शहर. 1985 मध्ये तिथल्या तीन संशोधकांनी, नुनेस, काराहेर आणि श्लिमान यांनी, रस्त्यावर फळं-भाज्या विकणाऱ्या पाच मुलांवर निबंध छापला. पाचच मुलं, वयं 9 ते 15. आधी गिऱ्हाईक बनून त्यांच्याशी व्यवहार केला, मग तीच गणितं कागदावर घातली. एका नारळाचे 35, दहांचे किती? बाजारातल्या बारा वर्षांच्या पोराने पस्तिसावर शून्य वगैरे काही केलं नाही. तीन नारळांचे 105, आणखी तीन घेतले की 210, पुन्हा तीन म्हणजे 315, आणि वर एक, 350. बाजारात या मुलांची 98.2 टक्के उत्तरं बरोबर आली. शाब्दिक उदाहरणांत 73.7. नुसती आकडेमोड कागदावर मांडून दिली तेव्हा 36.8. हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवले की शाळेत आपण नेमकं काय मोजतो असा प्रश्न पडतोच. होमी भाभा केंद्रातल्या संशोधकांनी पुढे धारावीत घरच्या-दारच्या कामांत हातभार लावणाऱ्या मुलांच्या हिशेबाचा अभ्यास केला, तो याच वाटेवरचा. या कामांचं वजन मुलांची डोकी मोजून लागत नाही. मुलगा आकडा कसा धरतो, कसा फोडतो हे त्यांत दिसतं, म्हणून ती टिकली.

यावर परिषदेच्या समितीत बसलेले माझे मित्र म्हणतील, हे सगळं खरं, पण सभागृहं चार, दिवस तीन, आलेले प्रस्ताव ढीगभर. निवड करायची तर काहीतरी माप लागेल, आणि माप सगळ्यांना एकच हवं, नाहीतर ओळखीपाळखीचा कारभार सुरू होईल. शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. नाव झाकण्याची पद्धत आली ती याच भीतीतून, आणि ती भीती खोटी नव्हती. (अर्थात प्रस्तावात तलासरीतली आश्रमशाळा आणि वारली भाषा आली की झाकलेलं नाव ओळखायला मला पाच मिनिटं लागत नाहीत. हे काम करणारी माणसं आहेत किती?)

पण तक्ता दिसतो तितकं मोजतो का? दुसऱ्या एका क्षेत्राने हे तपासून पाहिलं आहे. संगणकशास्त्रातल्या एनआयपीएस या परिषदेने 2014 मध्ये आपल्याच निवडीवर प्रयोग केला. 166 निबंध दोन स्वतंत्र समित्यांना दिले. 43 निबंधांबाबत दोघींचं जमलं नाही, म्हणजे साधारण चौथ्या हिश्श्याबद्दल. ऐकायला हे फार वाटत नाही. पण बहुतेक निबंध मुळात नाकारलेच जातात, तिथे एकमत सोपं असतं. एका समितीने घेतलेल्या निबंधांकडे बघितलं तर त्यातले निम्म्याहून अधिक दुसरीने नाकारले होते. ही त्या क्षेत्राची गोष्ट, जिथे प्रयोगाचे आकडे समोर मांडलेले असतात. वर्गातल्या संवादावर लिहिलेल्या चार पानांचं काय होत असेल याचा अंदाज वाचकानेच करावा. एक ते पाचच्या रकान्यांमुळे निवड न्याय्य झाली असं आपल्याला वाटतं. मला वाटतं, त्यांच्यामुळे ती फक्त नीटनेटकी दिसते.

आमच्यातले बरेच परीक्षक गणितातून आलेले, आणि गणिती माणसाला तपासणी म्हटलं की सिद्धता तपासणं आठवतं. तिथे निदान काय तपासायचं यावर एकमत असतं. तरीही टॉमस हेल्सने 1998 मध्ये केप्लरच्या अनुमानाची सिद्धता जाहीर केली तेव्हा बारा परीक्षकांनी काही वर्षं खपून शेवटी सांगितलं ते इतकंच, की आमची 99 टक्के खात्री आहे. गणिताच्या घरात ही गत, तर शेजारच्या घराची काय सांगावी? 1994 मध्ये आंतरराष्ट्रीय गणित शिक्षण आयोगाने अमेरिकेत खास एक बैठक बोलावली. तिचा विषयच होता, गणित शिक्षणातलं संशोधन म्हणजे काय आणि त्याचं फलित काय. ज्या क्षेत्राला हा प्रश्न स्वतःला विचारावा लागतो तिथला परीक्षक सिद्धता तपासल्याच्या थाटात रकाने भरू लागला की मला जरा हसू येतं.

युरोपातल्या ‘सर्मे’ परिषदेने थोडी वेगळी वाट धरली. 1998 मध्ये जर्मनीतल्या ओस्नाब्रूकला ती पहिल्यांदा भरली. तिथे विषयवार गट असतात, गटातलेच लोक एकमेकांचे निबंध वाचून सूचना करतात, आणि परिषदेत निबंध वाचून दाखवण्यापेक्षा त्यावर चर्चेला वेळ दिला जातो. शक्य तितक्यांना आत घ्यायचं आणि आत आल्यावर काम सुधारायचं, असा तिचा कल आहे. ही वाट मला आवडते, पण ती सगळ्यांना परवडत नाही. गटातल्या गटात गोडगोड बोलण्याचा धोका तिच्यात आहेच, शिवाय आठवडाभर बसायला येण्याइतका प्रवासखर्च कोणाच्या संस्थेने द्यायचा हाही प्रश्न आहे. पीएमईने नवख्या लेखकांना निबंध पाठवण्याआधी अनुभवी माणसाची मदत मिळावी अशी सोय केली आहे, ती मला जास्त व्यवहारी वाटते. पण माझ्या मते व्यवस्था बदलायची वाट न बघता जे बदलता येतं ते तक्त्याच्या तळाशी आहे, त्या मोकळ्या जागेत.

खऱ्या प्रस्तावांबद्दल बाहेर बोलायचं नाही, हा या कामाचा पहिला नियम. म्हणून एक प्रस्ताव मीच रचतो.

जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला शिकवणाऱ्या एका बाई. तीन महिने त्यांनी चार मुलांच्या संख्यावाचनाची टिपणं ठेवली. ‘बासष्ट’ ऐकून मुलगा 26 लिहितो, कारण कानावर आधी दोन पडतात, मग साठ. ‘एकोणसत्तर’ला दुसरा 79 लिहितो: ‘एकोण’ आलं की नऊ हे त्याला पाठ झालेलं, आणि सत्तर तर ऐकूच येतंय. चौथी मुलगी मोठ्याने मोजत जाते: सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, एकोणशंभर, शंभर. वर्ग हसतो. बाई विचारतात, एकोणशंभर म्हणजे किती गं? मुलगी म्हणते, शंभरला एक कमी. प्रस्ताव इंग्रजीत, वाक्यं अडखळणारी, संदर्भ दोनच: बालभारतीचं पुस्तक आणि 2019 च्या वर्तमानपत्रातलं एक कात्रण.

ते कात्रण कशाचं हे वाचकांना आठवत असेल. त्या वर्षी दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात एकवीस, बावीस याबरोबर ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं आणि गहजब झाला. विधिमंडळापर्यंत विषय गेला, आडनावांचे विनोद झाले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की मुलांना जोडाक्षरी संख्यानामं जड जातात, आणि ऐकलेला क्रम व लिहायचा क्रम उलटा पडतो. बाजूने आणि विरुद्ध मतं भरपूर आली. पण वर्गात बसून, या मुलाने हे ऐकलं आणि हे लिहिलं, असं सांगणारा आवाज त्या गदारोळात मला तरी फारसा ऐकू आला नाही. माझ्या काल्पनिक बाईंच्या वहीत नेमकं तेच आहे.

आता तीन परीक्षक. पहिला लिहितो, नमुना अपुरा. दुसरा लिहितो, मराठी संख्यानामांत आंतरराष्ट्रीय वाचकाला रस का असावा ते स्पष्ट होत नाही. तिसरा लिहितो, पूर्वसंशोधनाची दखल नाही, भाषा सुधारावी. तिघांचं एकही वाक्य खोटं नाही. उत्तरसूचीतलंही कुठे खोटं असतं?

पूर्वसंशोधनाचंच घ्या. 2025 पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून सरकारी विद्यापीठांना, महाविद्यालयांना आणि संशोधन संस्थांना हजारो नियतकालिकं खुली झाली. फार चांगलं झालं. दुसरीचा वर्ग त्या यादीत नाही. बाईंना ते निबंध मिळणार नाहीत आणि मला मिळतात, मग त्यांच्या आणि त्या ज्ञानाच्या मधला पूल कोणी बांधायचा? मला तर परीक्षकाचं पहिलं काम हेच वाटतं. दुसऱ्या परीक्षकाला हवं असलेलं उत्तर बाईंपेक्षा मला जास्त ठाऊक आहे: जर्मनमध्येही एकवीसला ‘एक आणि वीस’ म्हणतात, तिथल्या मुलांचेही आकडे उलटे पडतात. नॉर्वेत असंच होतं, तर त्या देशाने 1951 मध्ये सरकारी निर्णयाने क्रम फिरवून ‘वीस-एक’ केला. म्हणजे बालभारतीपुढचा प्रश्न आणखी एका देशापुढे सत्तर वर्षांपूर्वी आला होता. ही तीन वाक्यं अभिप्रायात पडली की मराठीपुरता वाटणारा प्रस्ताव जगाच्या नकाशावर येतो. लिहायला चार मिनिटं लागतात. ‘रस का असावा’ लिहायला अर्धं मिनिट, एवढाच काय तो फायदा.

मग हा प्रस्ताव मी शोधनिबंध म्हणून घेईन का? नाही, अजून नाही. चार मुलं कमी पडतात म्हणून नाही. बाई ऐन मोक्याच्या जागी थांबल्या म्हणून. मुलीने शंभरला एक कमी म्हटलं, बाईंना आनंद झाला, आणि टिपण तिथे संपलं. पोस्टर म्हणून मी तो नक्की घेईन, आणि मोकळ्या जागेत लिहीन ते साधारण असं:

बाई, तुमची विद्यार्थिनी चुकली असं मला वाटत नाही. ‘एकोण’ म्हणजे एक उणा. एकोणीस, एकोणतीस करत आपण एकोणनव्वदपर्यंत हा नियम इमानाने पाळतो आणि शंभराच्या दारात येऊन मोडतो, नव्व्याण्णव म्हणतो. तिने तो मोडला नाही. संस्कृतात नवनवतीच्या जोडीला एकोनशत असा शब्द आहे. लॅटिनमध्ये एकोणिसाला ‘विसाला एक कमी’ म्हणतात आणि नव्व्याण्णवसाठी ‘शंभराला एक कमी’ अशा अर्थाचा शब्दही सापडतो. हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. आता तिला पुढे मोजायला सांगा, आणि मध्ये काही बोलू नका. एकशे अठ्ठ्याण्णवनंतर ती काय म्हणते?